जवळ्याची राखण

संघर्षला गाडीचं वेड होतं आणि वेडाला जागा लागते. कोपरखैरणे गावात तो गोजरामावशींच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायचा. खाली पार्किंगच्या नावाखाली गल्लीचा एक कोपरा होता, तिथे गाडी जेमतेम मावायची. म्हणून त्या शनिवारी, महापेच्या ऑफिसला सुट्टी होती तेव्हा, त्याने गाडीचं कार्बन फायबरचं बोनेट काढलं आणि डोक्यावर धरून गच्चीवर नेलं. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं, बोनेटला दोन खाचा पाडल्या की गरम हवा बाहेर पडेल, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे तसं बोनेट त्याला झकास दिसायचं.

गच्चीवर मावशींचा जवळा वाळत होता. ही इवलीशी कोळंबी जुन्या पांढऱ्या लुगड्यावर पसरलेली, अजून अर्धी ओली. मावशी स्वतः उरणजवळच्या मोरा बंदरावर जाऊन घेऊन आल्या होत्या.

"जागृती येतंय उद्या पुन्याशी," त्या म्हणाल्या. जागृती त्यांची धाकटी लेक, पोटुशी होती. "तिला जवल्याचंच डोहालं लागल्यान. तू हायस ना वर? मंग कावल्यांवर लक्ष ठेव. आन पानी नको सांडू हां बाला. भिजला का कुजला."

"टेन्शन नको मावशी, मी आहे ना."

त्याने तयारी चोख केली. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगितलं होतं तसा नाकावर जाड मास्क, डोळ्यांवर गॉगल, हातांत मोजे. बोनेटवर टेप चिकटवून खाचांची आखणी केली, कोपऱ्यांना भोकं पाडली. कापताना सारखं पाणी मारत राहा, असंही व्हिडिओतल्या माणसाने दोनदा बजावलं होतं. नाहीतर बारीक काळी भुकटी उडते, घशात खवखवते, कातडीत रुतते.

संघर्षने पाण्याची बाटली उचलली. मग जवळ्याकडे पाहिलं आणि बाटली ठेवून दिली. मावशींनी पाणी सांडू नको म्हटलं होतं, झालं! जवळा झाकता आला असता. काम पुढच्या शनिवारवर ढकलता आलं असतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी गत. त्याने कटर चालू केला आणि कोरडंच कापलं. मधूनमधून कावळे हाकलले, तेही इमानाने.

खाचा सुरेख झाल्या. तो मागे सरून बघत राहिला आणि तेव्हा त्याला लुगड्याचा काठ दिसला. पांढऱ्या काठावर काळी भुकटी बसली होती. खाडीचा वारा सगळा वेळ त्याच बाजूला वाहत होता.

तो उकिडवा बसला. मूठभर जवळा हातात घेऊन न्याहाळला. काही दिसेना. जवळ्याला मुळात टाचणीच्या टोकाएवढे काळे डोळे असतात; त्यात डोळा कुठला आणि भुकटी कुठली, कोण सांगणार? आणि लाजेची गोष्ट अशी, की त्याला हायसं वाटलं. त्याने काठ तेवढा ओल्या फडक्याने पुसून काढला.

मावशी वर आल्या तेव्हा सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"एक थेंब नाय परला," मावशी जवळा चाळवत म्हणाल्या. "गुनाचा माझा पोर! उद्या जेवायला आमच्याकरंच यायचा."

गुणाचा पोर बोनेट उचलून खाली गेला. रात्रभर त्याने मनाची समजूत घातली. मावशी धुऊनच घेतील. नाही धुतला तरी एवढ्याशा भुकटीने काय होतंय? तरी मनगटावर मोज्याच्या वर जिथे भुकटी लागली होती, तिथे आग होत होती आणि खाजवून खाजवून कातडी लाल झाली होती. हे पोटात गेलं तर, हा विचार काही केल्या जाईना. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी. त्याला दोन्ही होत्या, पण बोलायची हिंमत तेवढी नव्हती.

रविवारी दुपारी तो मान खाली घालून जेवायला गेला. मावशींनी जवळा धुतला नव्हता. तव्यावर कोरडा भाजून, लसूण-मिरची घालून, हाताने चुरून चटणी केली होती. सोबत तांदळाच्या भाकऱ्या. जागृती पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती आणि वासानेच खूश होती.

"पयला यालाच वारतंय," मावशी म्हणाल्या. "राखन यानी केली." त्यांनी त्याच्या ताटात चटणी वाढली, मग लेकीच्या. जागृतीला कुठला धीर! तिने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तोंडाशी नेला.

"ताई, खाऊ नका!"

तो इतक्या जोरात ओरडला की तिच्या हातून घास पडला. मग त्याने सगळं सांगितलं. भुकटी, वारा, पुसलेला काठ. "मावशी, तुमी पाणी नको बोललात म्हणून मी कोरडंच..." इथे त्याची त्यालाच लाज वाटली आणि वाक्य अर्धंच राहिलं.

जागृतीने ताट दूर सारलं. मावशींनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही ताटं उचलली, चटणी परत तव्यात ओतली आणि तवा जमिनीवर ठेवला. त्याच्यासमोर बसल्या.

"कापताना तू तोंडाला फरका बांधलेला?"

"हो."

"डोल्यांना चष्मा?"

"हो, मावशी."

"म्हंजे तुना ठाव व्हता," मावशी म्हणाल्या आणि लेकीसाठी अंडं फोडायला उठल्या.