शिवणीचे दोन दांडे

मी मधुला पाजत बसले होते आणि हे पडवीत दांडे मोजत होते. नऊ, दहा. मग पुन्हा पहिल्यापासून. नऊ, दहा.

"अगं, चुलीच्या कडेला दोन दांडे ठेवले होते सुकायला. हलवलेस का कुठं?"

"कुठले दांडे?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं कुठले.

काल पहाटे मधुच्या अंघोळीचं पाणी काही केल्या तापत नव्हतं. ढलप्या सगळ्या दवानं भिजलेल्या. भिंतीला दोन चौकोनी तुकडे टेकून उभे होते, दीड दीड हाताचे, रंधा न लागलेले. सुताराच्या घरात असे तुकडे पायात येतात. मी ते चुलीत सरकवले. हलकं लाकूड, लगेच पेटलं. मला बरंसुद्धा वाटलं होतं.

हे दारात येऊन उभे राहिले. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग राखेकडे. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

ते दांडे ज्या पाळण्याचे, तो सखुबाईंच्या घरचा होता. त्यांच्या सुनेला, आवडाबाईला, चौथ्या खेपेला मुलगा झाला होता. आधीची तिन्ही बाळं वर्षाच्या आत गेली. तिसरं गेल्यावर सखुबाई नवस बोलल्या होत्या. कळव्याला त्यांच्या शेतात, देवापाशी, शिवणीचं झाड वाऱ्यानं पडलं होतं. पुढचं मूल त्या एकाच झाडाच्या पाळण्यात निजेल. दुसऱ्या झाडाची ढलपीसुद्धा त्यात लागता कामा नये. लोखंडाचा खिळा नको. आणि मूल जन्मून रडेपर्यंत लाकडाला करवत लावायची नाही.

म्हणून दीड वर्ष बुंधा आमच्या ठाण्याच्या अंगणात नुसता पडून होता, आणि यांना कामाला मिळाले बारशापर्यंतचे बारा दिवस. करवत घातली तर निम्मा बुंधा वाळवीनं पोखरलेला. उरल्यात चौकट, तळाच्या फळ्या आणि बारा दांडे एवढंच बसलं. दोन दांड्यांत थोडा ओलावा होता, म्हणून यांनी ते उबेला ठेवले. मला सांगायचं राहिलं. मीही विचारलं नाही.

आज आठवा दिवस होता.

"जळलं हे कुणाला सांगायचं नाही," हे शेवटी म्हणाले. "पाळण्याचं लाकूड चुलीत गेलं म्हटल्यावर सखुबाई तो उंबऱ्याच्या आत घेतील का? आणि ती आवडाबाई तर भीतीनंच अर्धी होईल."

आवडाबाई माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मागे एकदा विहिरीवर तिनं मधुला पाहिलं होतं. त्याच्या तळपायाला बोट लावायला हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. "माझी दृष्ट नको लागायला," एवढंच म्हणाली आणि घागर उचलून गेली.

दुपारी हे वखारीतून शिवणीचाच एक तुकडा घेऊन आले. त्याचे दोन दांडे पाडले, रंधा मारला, बाकीच्यांत मिसळले. मग बाराही दांड्यांवरून ओला फडका फिरवला. लाकूड ओलं केलं की तेल लावल्यावर कसं दिसेल ते आधीच कळतं.

"ओळख बघू."

मी वाकून बघितलं. नखानं दाबून बघितलं, वास घेतला. सगळे एकाच आईची लेकरं असावीत असे पिवळसर, मऊ.

"नाही ओळखू येत."

"मग झालं तर! मला नाही ओळखू येत, तुला नाही ओळखू येत, सखुबाईंना काय ओळखू येणार?"

"पण मला ठाऊक आहे ना," मी म्हटलं. "उद्या त्या पोराला नुसती शिंक आली तरी मी काय करू? मधुला मांडीवर घेऊन मी कुठं तोंड लपवू?"

हे चिडले. "लाकूड तू जाळायचं, आणि मी आणलं तर ते तुला नको! बुंधा संपला, मालन. झाड काय आता पुन्हा उगवून आणू?"

मधु मुठीत रंध्याचा भुसा धरून तोंडात घालत होता, तो मी काढला. मग हे आपणहूनच म्हणाले, "एक फांदी होती, झाड पडतानाच मोडलेली. बुंधा होडीत चढवायला खाडीपलीकडच्या भिवानं हात लावला होता, तेव्हा त्याला दिली मी. जाळली नसेल तर."

नवव्या दिवशी आम्ही खाडीपार गेलो. यांच्या खांद्यावर सागाचा नवा, लांब दांडा होता, बदल्यात द्यायला. होडीत मी मधुला पदरात गुंडाळून धरलं होतं आणि मनात एकच, जाळली नसेल ना.

जाळली नव्हती. भिवा मिठागरात उभा होता आणि त्याच फांदीच्या दांड्यानं मीठ ओढत होता.

"मिठाचं दिस हायेत," तो म्हणाला. "आता दांडा देऊन मी कं हातानं मीठ वडू?"

यांनी साग पुढे केला. भिवानं तो उचलून बघितला आणि परत दिला. "चांगला हाय. पन जड. दिसभर वडायचा तं ह्योच बरा, फुलासारका. नाय देत."

"अरे, सागाचा दांडा तुझ्या नातवालाही पुरेल."

"नातू वडंल तवा नातवाला द्या."

त्याची बायको बायजा बांधावर पाटी घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. "कनाला गं पायजे तुला? पोराला घेऊन खाडी उतरून आलीस ती?"

हे माझ्याकडे न बघता खोकले. गप्प राहा, असा तो खोकला होता. पण मला दुसरं काही सुचेना. मी सगळं सांगितलं, चुलीसकट.

बायजा आधी हसलीच. "ऐकलं का वं? सुतारनीनं सुताराचा लाकूड जाल्ला! मंग कोलनीनं मासली सोडून जालं तलून खावं!" हसता हसता थांबली. "कती गेली बोलतेस तिची?"

"तीन."

तिनं पाटी खाली ठेवली. "आन तो दांडा."

"अगं पन..." भिवा म्हणाला.

"आन बोलते ना! सागानं काय हात तुटत नाय तुजा."

घरी आल्यावर यांनी त्या दांड्याचे दोन तुकडे करून तासले. एकदा, दोनदा, तीनदा रंधा मारला. वरचा करडा थर गेला, तरी आतून पिवळा रंग निघेना. दीड वर्ष मिठाचं पाणी प्यायलेलं लाकूड ते. काळसर, आत रेघा. ओला फडका फिरवल्यावर तर दहा गोऱ्यांत ते दोन सावळे लांबूनही दिसायला लागले.

यांनी वखारीचे दोन आणि भिवाचे दोन माझ्यापुढे ठेवले. "घे. हे जुळतात पण खरे नाहीत. हे खरे आहेत पण जुळत नाहीत. कुठले लावू? आता तूच सांग."

मी सावळ्यांवर हात ठेवला.

"आणि कुणी बोट ठेवलं तर?"

"त्याच झाडाचे म्हणून सांगा. खोटं नाही ते."

यांनी ते पायथ्याकडे लावले, अगदी कोपऱ्यात. मग त्याच झाडाच्या खुंट्या ठोकल्या.

बाराव्या दिवशी सखुबाईंच्या माजघरात पाळणा तुळईला टांगला. बायका जमल्या होत्या. हे ओटीवर दाराशी थांबले, मी आत, मधु कडेवर. आवडाबाई भिंतीशी पाटावर बसली होती, बाळाला छातीशी इतकं घट्ट धरून की त्याचं नाकही दिसत नव्हतं.

सखुबाईंनी डोक्याकडून एकेका दांड्यावरून हात फिरवत आणला. पायथ्याशी हात थांबला.

"हे दोन काळे का?"

"त्याच झाडाचे आहेत," हे दारातून म्हणाले. "फांदीचे."

"फांदी भिवानं नेली होती. कुणी काय नेलं ते सगळं ठाऊक आहे मला. बुंधा पुरला नाही?"

वाळवीनं खाल्ला, एवढंच म्हणायचं होतं. निम्मं खरंही होतं ते. तो शब्द यांच्या ओठांवर आलेला मला दिसला.

"पुरला होता," मी म्हटलं. "त्यातले दोन दांडे माझ्या हातून चुलीत गेले. मला वाटलं, उरलेले तुकडे आहेत."

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं आणि तोंडावर पदर धरला. सखुबाईंनी पाळण्यावरचा हात चटका बसल्यासारखा काढून घेतला. मला वाटलं, आता म्हणतील, घेऊन जा हे.

"कधी?" आवडाबाईनं विचारलं.

"सातव्या दिवशी. पहाटे."

ती बोटांवर मोजत होती. ओठ हलत होते. मग म्हणाली, "म्हणजे पाच दिवस झाले, सासूबाई. पाच दिवस ते लाकूड जळलेलं आहे, आणि पाच दिवस हा पितोय." तिनं दुपट्याचं टोक बाजूला केलं. बाळाला उचकी लागली होती. दर उचकीला त्याची हनुवटी उडत होती. "काल तर ओकेपर्यंत प्यायला. मी उगाच कशाला भिऊ? जे व्हायचं ते लाकडाला झालं."

सखुबाई नातवाकडे बघत राहिल्या. मग पाळण्याकडे. मग माझ्याकडे.

"वरवंटा आणा गं कुणीतरी," त्या म्हणाल्या.

बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवायचा असतो. एक मुलगी स्वयंपाकघराकडे धावली.

"आणि मालन, तू ये इकडे, बस. पण चुलीपासून लांब हो!"

बायका हसल्या. मला हसू येईना. मी मधुला मांडीवर घेऊन खरंच दाराशी जाऊन बसले आणि आवडाबाईचे हात रिकामे होऊन पाळण्यातून वर येईपर्यंत श्वास सोडला नाही.