लाल ठिपका

सोमवारी दुपारी एक पँट वाया गेली. चिठ्ठीवर 'कमर सैल करणे' असं लिहिलं होतं. बटणने वाचलं, 'उंची कमी करणे'. काकाने दोन्ही पाय खालून दोन-दोन इंच कापून टाकले.

दुकान लहान होतं. दोन मशीन, कापायचं एक टेबल आणि तारेवर टांगलेले लोकांचे कपडे. काम सगळं ऑल्टरेशनचं. मशीनवर आई, कात्रीवर तिचा दीर. प्रत्येक कपड्याला आईने लिहिलेली चिठ्ठी टाचलेली असे. शाळा सुटली की तिची आठ वर्षांची मुलगी चिठ्ठ्या मोठ्याने वाचायची आणि काका कापायचा. 'बटण' हे नाव काकानेच ठेवलेलं. कुठेही ठेवली तरी घरंगळत दुसरीकडे जाते म्हणून.

"वहिनी, गिऱ्हाईक बुटकं असेल तर निभावून जाईल," काका म्हणाला.

"तुमच्यापेक्षा वीतभर उंच आहे, भावोजी."

आईने चिठ्ठी उचलली. अक्षर तिचंच होतं, आणि स्वच्छ होतं. तिने ती बटणपुढे धरली. "वाच."

बटणने चिठ्ठीकडे न बघता टेबलावरच्या पँटकडे बघितलं. "लांबी कमी करणे."

आई रागावली नाही. तिने बटणच्या दप्तरातून शाळेचं वाचनाचं कार्ड काढलं. तिसरीच्या मुलांची वाचनाची परीक्षा याच कार्डावर व्हायची, आणि बटणला तीन आठवड्यांपूर्वी तिच्यात हिरवा ठिपका मिळाला होता.

"तळ्याकाठी एक कासव राहत होतं. त्याला पलीकडच्या शेतात जायचं होतं," बटणने सुरुवात केली. झरझर, कुठेही न अडखळता. आईने कार्डावर तळहात ठेवला. बटण थांबली नाही. कासव शेतात पोचलं, कोबी खाऊन परतही आलं.

मग आईने खाकी कागदावर शिवणाच्या खडूने त्याच गोष्टीतला 'शेत' हा शब्द लिहिला. त्याखाली 'काठी', त्याखाली 'परत'. बटणने तिन्ही शब्दांकडे बराच वेळ पाहिलं आणि ती टाचण्यांच्या डबीशी खेळू लागली.

"पोरगी हुशार आहे," काका हळूच म्हणाला. "तीन वर्षं सगळ्यांना गुंडाळलं तिने."

"मलाही," आई म्हणाली.

मंगळवारी सकाळी ती दुकान काकावर टाकून शाळेत गेली. वर्गशिक्षिकेने सगळं ऐकून घेतलं आणि वर्गाचं दार लोटून घेतलं.

"सगळ्यांच्या कार्डावर उतारा एकच आहे," ती म्हणाली. "दुसरा मागितला होता, आला नाही. मुलं हजेरीच्या क्रमाने माझ्या टेबलापाशी येऊन वाचतात. बाकीची बसून ऐकतात. शेवटापर्यंत निम्म्या वर्गाचं कासव पाठ झालेलं असतं. तुमच्या मुलीचा नंबर छत्तीस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. विचारायला धजले नाही."

वाचता न येणाऱ्या, लाल ठिपक्याच्या मुलांसाठी शाळेत रोज एक तास वाचनवर्ग भरायचा. वेगळ्या शिक्षिका, सहा महिने, फक्त तिसरीसाठी. चौथीत तो नसतो. तिथे मुलांना वाचता येतं असं धरूनच शिकवतात. या मुलांची यादी शुक्रवारी वर, शिक्षण कार्यालयात, जाणार होती.

मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतभर तक्ता होता. तिसरीच्या रकान्यात अडतीस ठिपके, सगळे हिरवे.

"ताई, इथे लोक हिरव्यासाठी भांडायला येतात," मुख्याध्यापक म्हणाले. "तुम्ही पहिल्याच, लाल मागणाऱ्या."

"द्या मग. कुणाचं कमी होणार नाही."

"इतकं सोपं नाही. आपला निकाल शंभर टक्के आहे. एक बदलला की बाकीच्यांचं काय, असं विचारतील. घरी थोडं लक्ष द्या, येईल तिला."

"घरी मी लक्ष देईनच. पण सर, मी गेल्या वर्षीच्या मापावर कपडा शिवत नाही. पुन्हा माप घ्या."

"कशावर घेऊ? कार्डावरचा उतारा एकच. मान्य नसलेल्या उताऱ्यावर परीक्षा घेता येत नाही."

आईने पिशवीतून बटणचं पाठ्यपुस्तक काढलं आणि शेवटचा धडा उघडला. "हा अजून शिकवलेला नाही. पुस्तक तर मान्य आहे ना?"

मुख्याध्यापकांनी पुस्तक घेतलं, उलटसुलट केलं, टेबलावर ठेवलं. "बघू."

"'बघू' नको, सर. मी अर्ज लिहून आणलाय. पोच द्या."

"शिक्का मारणारे कारकून जेवायला गेलेत."

"बसते."

ती बाहेरच्या बाकावर बसली. सोबत आणलेल्या शर्टांना गुंड्या शिवू लागली. कारकून आले, पुन्हा चहाला गेले, पुन्हा आले. चौथ्या शर्टाच्या वेळी मुख्याध्यापकांनी दारातून डोकावून पाहिलं आणि अर्जावर शिक्का मारायला सांगितलं. परीक्षा गुरुवारी ठरली.

बुधवारी संध्याकाळी दुकानात बटण टेबलाखाली जाऊन बसली. "उद्या मला येणार नाही," ती आतून म्हणाली.

"माहीत आहे."

"बाई रागावतील."

"नाही रागावणार."

"मुलं हसतील."

आई खाली वाकली. तिच्या गळ्यात टेप होता. "माप घेताना कुणाची छाती लहान भरली, तर मी काय लिहिते?"

"जेवढी आहे तेवढी."

"आणि मोठी लिहिली तर?"

"ढगळ होतं." बटणने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. "मग गिऱ्हाईक परत येतं."

"ओरडत येतं," काका वरून म्हणाला. "मला विचार."

गुरुवारी वर्गात दुसरं कुणी नव्हतं. वर्गशिक्षिकेने तेवढं सांभाळलं होतं. मुख्याध्यापक खिडकीशी उभे राहिले, आई दाराशी. बटणपुढे शेवटचा धडा उघडला. वर्गशिक्षिकेने घड्याळ लावलं.

बटणने एकदा चित्राकडे पाहिलं. चित्रात टपालाची गाडी होती. ती काहीतरी जुळवून बोलू शकली असती. तिचे ओठ तसे हललेही. मग तिने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. अक्षराला अक्षर लावत ती चार शब्द चालली. पाचव्यावर बोट तसंच राहिलं. मिनिट संपलं.

"चार," वर्गशिक्षिका म्हणाली आणि तिने तेवढेच लिहिले.

मुख्याध्यापकांनी जवळ येऊन तो आकडा वाचला. "ठीक आहे. एक लाल."

"सर," वर्गशिक्षिकेने हजेरीपटातून एक कागद काढला. "मला आणखी अकरा मुलं याच पुस्तकावर तपासायची आहेत. आजच."

"उद्या यादी जाते आहे, बाई."

"म्हणून आजच. नावं मी काढून ठेवली आहेत."

"यांनी तुम्हाला भरीस घातलं?"

"नाही. यांनी नुसता अर्ज केला. तो मी करायला हवा होता."

मुख्याध्यापकांनी कागद वाचला. मग कपाटातून लाल ठिपक्यांचं पाकीट काढलं. त्याचं सील अजून फोडलेलं नव्हतं. त्यांनी ते नखाने फोडलं. "वर काय उत्तर द्यायचं ते आपण दोघं मिळून लिहू," ते म्हणाले.

शुक्रवारी यादी गेली. तिच्यात नऊ लाल होते.

वाचनवर्ग सुरू होऊन दहा दिवस झाल्यावर बटण शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि तारेवरची पहिली चिठ्ठी ओढली. काकाने कात्री हातात घेतली. बटणने बोट ठेवलं.

"बा. ही. बाही." पुढच्या शब्दावर ती थांबली. तिने कपड्याकडे बघितलं नाही, काकाकडेही नाही. चिठ्ठीच बघत राहिली. शेवटी म्हणाली, "हे जोडाक्षर आहे. मला येत नाही."

काकाने कात्री खाली ठेवली.

आईने मशीन थांबवलं आणि खाकी कागद पुढे ओढला. "खडू घे," ती म्हणाली. "इकडे ये."