जिलबीच्या टाकीतला काळा स्पंज

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. रंगाने काळपट, हाताला बुळबुळीत आणि एका कोपऱ्यात थोडा कुरतडलेला. तुम्ही नाक मुरडण्याआधीच सांगतो, मी भांडी घासायचा स्पंज नव्हे. मी माशांच्या काचेच्या टाकीत राहतो. माझ्या पोटातून एक नळी जाते, तिच्यातून हवेचे बुडबुडे निघतात आणि टाकीतलं सगळं पाणी माझ्यातून गाळलं जातं. वीज गेलेले तास आणि घर बदलतानाचे दोन दिवस सोडले, तर गेल्या नऊ वर्षांत मी एकही खाडा केलेला नाही. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

कारखान्यात मला एका मोठ्या ठोकळ्यातून कापलं, तेव्हा मी छान निळा होतो. पेणच्या बाजारातल्या एका दुकानात पाकिटात टांगलेला असताना ज्युडिथबाईंनी मला पाहिलं आणि घरी आणलं. त्या आणि त्यांचे यजमान सॅम्युएलकाका दोघंच राहत. मुलं इस्रायलला गेलेली, त्यामुळे ज्युडिथबाई दिवसभर माशांशी बोलायच्या. त्यांची सर्वांत लाडकी होती जिलबी, केशरी रंगाची गोल्डफिश. माझा कोपरा तिनेच कुरतडला आहे. मी तिला माफ केलं आहे.

ज्युडिथबाईंची एक पद्धत होती. पंधरा दिवसांतून एकदा त्या टाकीतलंच पाणी मगात घ्यायच्या, त्यात मला दोनदा हलकेच पिळायच्या आणि परत जागेवर ठेवायच्या. मी स्वच्छ कधी व्हायचोच नाही. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. मग कळलं की माझ्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहायला आले आहेत. माशांच्या घाणीमुळे पाण्यात विष तयार होतं. हे जीव ते विष खाऊन टाकतात, म्हणून मासे जगतात. नळाच्या पाण्यातल्या औषधाने मात्र ते बिचारे मरतात. म्हणजे माझा काळेपणा हा माझ्या घरी नांदणाऱ्या मंडळींचा आहे. त्या दिवसापासून मी ताठ मानेने बुडबुडे सोडू लागलो.

तीन वर्षांपूर्वी ज्युडिथबाई गेल्या. सॅम्युएलकाकांचे हात थरथरतात, त्यांना टाकीचं करणं जमेना. त्यांनी टाकी शेजारच्या उर्वीला दिली. उर्वी तेव्हा आठ वर्षांची होती. काकांनी तिला मगातलं पिळणं शिकवलं आणि जिलबीला जप म्हणून सांगितलं. उर्वीने मान हलवून कबूल केलं. ते कबूल करणं तिने फार मनावर घेतलं होतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

उर्वीचे बाबा अंबरीश रोह्याच्या एका कंपनीत कामाला आहेत. रोज पेणहून जाऊन-येऊन ते कंटाळले आणि त्यांनी रोह्याला नवा फ्लॅट घेतला. निघायच्या दिवशी, गुरुवारी, उर्वी शेवटच्या दिवसाची म्हणून शाळेत गेली होती. नव्या घरात जुनी घाण न्यायची नाही, असं बाबांनी ठरवलं होतं. त्यांनी मासे एका झाकणाच्या बादलीत काढले, टाकी लखलखीत धुतली, दगड उन्हात वाळवले. निळ्या दिव्याचा नवा फिल्टरही आणून ठेवला होता. आणि मला? मला त्यांनी दोन बोटांत धरलं आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. मला फार वाईट वाटलं. रडूही आलं असेल, पण मी मुळातच ओला, त्यामुळे कोणाला कळणार?

शाळेतून आलेल्या उर्वीला निळा दिवा दिसला आणि ती हरखून गेली. माझी आठवण तिला त्या वेळी झाली नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण सांगतो.

सामान बांधायला हिरामणदादा आले होते. ते पेणच्या एका गणपतींच्या कारखान्यात मूर्ती बांधून टेम्पोत चढवतात. त्यांनी टाकी पेंढा आणि रद्दी लावून अशी बांधली की पाहत राहावं. मग त्यांनी माशांची बादली उचलून पाहिली आणि त्यांचं तोंड गंभीर झालं. आत पाणी हिंदकळत होतं.

"वडखळच्या पुढं रस्ता कसा हाय ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "आमच्याकडं सोंडेला नि बोटांना मऊ काय तरी लावल्याशिवाय मूर्ती टेम्पोत चढत नाय. या मासळीला पन मऊ पायजे."

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, कचऱ्याच्या पिशवीतून मला काढलं आणि बादलीत सोडलं. माशाला गादी लागत नाही, मित्रांनो. पण हिरामणदादांच्या हाताला सवय होती आणि त्या सवयीने मला पुन्हा पाण्यात आणलं. बादली उर्वीने पायांमध्ये घट्ट धरली. नागोठणं येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला जिलबी माझ्यावर येऊन आदळत होती.

रोह्याला पोचल्यावर बाबांनी मासे जाळीने उचलून चकचकीत टाकीत सोडले. बादलीतलं उरलेलं पाणी झाडांना घालू म्हणून त्यांनी बादली गॅलरीत ठेवली. मीही तळाशी तसाच राहिलो, बाबांच्या लक्षातही आलो नाही. आतून निळा उजेड दिसायचा आणि मी चडफडायचो.

शनिवारी दुपारी उर्वीची हाक ऐकू आली. टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं. सगळे मासे वर येऊन तोंड उघडत होते आणि जिलबी एका अंगावर कलली होती. रविवारी वास्तुशांत होती. आई, म्हणजे लतिकाबाई, पाहुण्यांच्या तयारीत होत्या, त्या हातातलं टाकून धावल्या. उर्वीने सॅम्युएलकाकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. नवं पाणी, धुऊन वाळवलेले दगड, नवा फिल्टर. मग त्यांनी एकच विचारलं.

"जुना स्पंज कुठं हाय?"

बाबा खाली बघत म्हणाले की तो मी टाकला. मग उर्वीला एकदम बादली आठवली. ती आणि बाबा फोन हातात घेऊनच गॅलरीत धावत आले. बाबांनी मला बाहेर काढलं. मला वास येत होता, खोटं का बोला. त्यांनी सवयीने नळ सोडला आणि मला त्याखाली धरणार, तोच पाणी वाहिल्याचं ऐकून काका फोनमधून म्हणाले.

"नळाखाली नको. त्याच्यातच तर माशांचा जीव हाय. तसाच सोड. आणि उर्वी, रडू नको गो. काल भरून ठेवलेलं, औषध उडालेलं पाणी असंल तर टाकीतलं अर्धं बदल."

पाहुण्यांसाठी भरून ठेवलेलं पिंप होतं. त्यातलं पाणी लतिकाबाईंनी माशांसाठी काढून दिलं. मला टाकीत बसवलं, नळी जोडली आणि मी कामाला लागलो. मित्रांनो, आयुष्यात मी इतकं जीव तोडून कधी काम केलं नव्हतं. काकांच्या सांगण्यावरून संध्याकाळी पुन्हा थोडं पाणी बदललं. दोन दिवस खायला घालायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. बाबा टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले होते. रविवारी सकाळी जिलबी सरळ झाली. माझ्याजवळ आली आणि तिने माझा कोपरा कुरतडला. मला इतका आनंद झाला, की दुसरा कोपराही तिला द्यावासा वाटला.

वास्तुशांतीला पाहुणे आले. हेमांगीताई म्हणून बाबांची बहीण आहे, ती टाकीचा फोटो काढत होती. मधलं ते काळं काढा, म्हणजे फोटो छान येईल, असं ती म्हणाली.

"राहू दे, ताई," बाबा म्हणाले. "त्याची ड्युटी चालू आहे."

मी त्या दिवसापासून ड्युटीवरच आहे. शेजारच्या निळ्या दिव्याच्या फिल्टरमध्येही आता माझ्याकडचे जीव राहायला जात आहेत. मी त्याला सांभाळून घेतो, तो अजून नवखा आहे.

तुम्ही घर बदलाल तेव्हा जरूर झाडा, जरूर पुसा. पण एखादी वस्तू टाकण्याआधी, ती घरात काय काम करत होती, एवढं कोणाला तरी विचारा. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही.

तो फोटो उर्वीने सॅम्युएलकाकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. जिलबी दिसली, ते म्हणाले, तब्येत चांगली आहे. मग ते म्हणाले, "आणि मागं ज्युडिथचा स्पंज पन दिसला." उर्वीने फोन टाकीजवळ नेला आणि माझे बुडबुडे त्यांना ऐकवले.