न वाजलेला अलार्म

अलार्म वाजायलाच हवा होता, वाजला नाही. तिने पुन्हा तेच केलं. बॅटरी उतरलेली ठेवली आणि नळी निसटू दिली. रुग्णाला श्वास पुरवणारं ते यंत्र मुकाट बसून राहिलं.

एकेक बिघाड वेगळा केला की ते बरोबर ओरडायचं. दोन एकदम आले की गप्प. कारखान्यात चाचण्या बेतणं हे तिचं काम. सगळ्या शक्यता तपासायच्या तर जन्म पुरला नसता, म्हणून मोजक्याच चाचण्या तिने अशा बांधल्या होत्या की कुठलेही दोन बिघाड एकदा तरी बरोबरीने यावेत.

यंत्राचा प्रोग्राम तिच्या नवऱ्याचा. लग्नाआधीपासून ती त्याच्या चुका शोधत आली होती, सापडायच्या क्वचितच. "तुझी चाळणी बारीक, पण माझं पीठही तसंच," असं तो मिरवायचा. या महिन्यात मात्र चाळणीत खडेच खडे, आणि सगळे एकाच जातीचे: दोन गोष्टी एकदम आल्या की एक सुटलेली.

काल घरी दूध तापत असताना फोन आला, तर तो बोलत बोलत बाहेरच निघून गेला होता. पातेलं जळून काळं ठिक्कर. तिने हसण्यावारी नेलं होतं. आता तिने हे खडे आणि ते पातेलं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला बोलावून घेतलं. "अहो, हे बघा."

पडद्यावरच्या प्रोग्रामच्या ओळी त्याने दोनदा वाचल्या. "हे मी लिहिलंय?"

"हो."

"साहेबांना सांगितलंस?"

"नाही अजून. तुम्ही दुरुस्त करा, मी परत तपासते. कुणाला कळायचं काय कारण?"

"आणि तुझ्याही चाळणीतून सुटेल ते? कुणाचा तरी श्वास आहे गं यावर." मग आवाज उतरला. "मला कळतंय. बरेच दिवस कळतंय. एक धरलं की दुसरं निसटतं. तुला सांगायचा धीर होत नव्हता."

तिने दोष नोंदवला. नेहमीसारखा, नेमक्या शब्दांत. तो स्वतःच साहेबांकडे गेला. "माझं काम दुसऱ्या कुणाला द्या. आणि आधीचंही सगळं हिच्याकडून तपासून घ्या." साहेबांनी समजूत घातली, चहा मागवला, तो बधला नाही.

संध्याकाळी फाटकाबाहेर रस्ता ओलांडायचा होता. आयुष्यभर ताडताड पुढे चालणारा तो आज कडेला थांबला. तिने हात पुढे केला. त्याने तो धरला, आणि ती पाऊल उचलेपर्यंत तो थांबला.