नळीत कोंडलेल्या वायूची विनवणी

मित्रांनो, मी एक जुना वायू आहे. मला ना वास, ना रंग. कारखान्यात मला एका फ्रीजच्या तांब्याच्या नळीत भरलं आणि नळीचं तोंड कायमचं बंद केलं. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. जीव अगदी मेटाकुटीला येतो हो!

चिलीच्या दक्षिण टोकाला, पुंता अरेनासमध्ये, एदेलमीराबाईंच्या स्वयंपाकघरात माझी उमेदीची वर्षं गेली. मेंढीचं मटण, खेकडे, दूध, सगळं मी गार ठेवलं. पाहुणे कौतुक करायचे ते फ्रीजचं. माझं नाव कुणी काढलं नाही. मग मोटर जळाली आणि फ्रीज परसातल्या पत्र्याच्या खोपटात गेला.

बाईंचे यजमान रुदेसिंदो उघड्यावर मेंढ्यांची लोकर कातरायचे. इथे वसंतातही वारा असा बोचरा, की उन्हाला कुणी भीतच नाही. उन्हातले घातक किरण वाढल्याचा लाल इशारा गावात लागला की बाई ओरडायच्या, "अहो, कानाला मलम तरी चोळा!"

"एवढ्या गारठ्यात ऊन कसलं भाजतंय? काहीतरीच तुझं!"

यंदा त्यांच्या कानावरची जखम भरेचना. डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि कानाचा तुकडा कापला.

गेल्या आठवड्यात भंगारवाला नोल्बेर्तो आला. तांब्यासाठी त्याने नळीला करवत लावली. आता सुटणार एकदाचा! मी हरखून गेलो.

"अरे, आतल्या वायूचं काय?" बाईंनी विचारलं.

"जाईल उडून, वहिनी. त्याला काय वास येतोय?"

तेवढ्यात कानाला पट्टी बांधलेले रुदेसिंदो दारात आले. "उडून आपल्याच डोक्यावर जाईल, ओझोन खायला! डॉक्टरांनी सगळं सांगितलंय मला. आधी तुझा कान दे, मग खुशाल काप."

नोल्बेर्तोने करवत नळीवरून काढून पिशवीत टाकली.

खरं सांगू? मला हे आधीच ठाऊक होतं. उंच आभाळात उन्हाने माझे तुकडे होतात आणि त्यातला क्लोरीनचा एकेक कण ओझोनचे हजारो कण मोडतो. मग घातक किरण थेट खाली येतात. तरी मला सुटायची हाव सुटली. लाज वाटते मला.

मित्रांनो, कोंडून राहणं फार वाईट. पण जुना फ्रीज मोडताना माझ्या भाऊबंदांना मोकळं सोडू नका. वायू शोषून टाकीत भरणारा माणूस इथे पुढच्या महिन्यात येणार आहे. करवतीने मात्र नळीला बारीक चीर पडलीच. मी थोडा थोडा बाहेर जातोय आणि मला थांबता येत नाही. त्याला जरा लवकर बोलवा हो!