भांगेच्या तुपाचा कौल

शिल्हाण गावात दोन माणसांचं एकमत व्हायचं, तर तिसरा घरी आजारी पडलेला असावा लागतो. त्यात सरकारनेच विचारलं, औषधापुरती भांगेची शेती कायद्याने करू द्यावी का? गावाचं म्हणणं ऐकायला समिती रविवारी येणार होती. मग काय विचारता! सफरचंदाच्या पेट्या भरता भरता लोक भांडू लागले. पाणी भरताना भांडले, मढं पोचवून परत येताना भांडले. चहाच्या दुकानात दोन पेले फुटले तेव्हा कारदार सुरत सिंगने हात वर केला. कारदार म्हणजे देवाचा सगळा कारभार पाहणारा माणूस. तो म्हणाला, "बस झालं आता. शनिवारी देवालाच विचारू."

यावर मात्र एकमत झालं. देव आपल्याच बाजूचा आहे याची प्रत्येकाला खात्री होती.

खात्री नव्हती ती फक्त रामदेईला. तिचा नवरा खीमी राम हा धारा नारायणाचा, म्हणजे गावच्या देवाचा, गुर. देव बोलायचा तो त्याच्या तोंडून. देव अंगात आला की त्याची टोपी उडायची, कमरेपर्यंतचे केस मोकळे सुटायचे आणि एरवी बकरीलाही 'अगं बाई, जरा सरक' म्हणणारा हा माणूस अख्ख्या गावाला दरडावायचा. गुराने केस कधी कापायचे नसतात. खीमी रामने कापलेही नाहीत. पोटात गाठ निघाली, शहरातल्या मोठ्या इस्पितळात सुया सुरू झाल्या आणि दुसऱ्या सुईनंतर केस उशीवरच राहिले. तेव्हापासून देव त्याच्या अंगात आला नव्हता. "धरायला केसच नाहीत, तर देव यायचा कशाला धरून?" असं तो हसत म्हणायचा. मग भिंतीकडे तोंड करून पडायचा.

केसांचं दुःख परवडलं, पण त्याच्या पोटात अन्न ठरेना. भाताचा वास आला तरी उलटी. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने रामदेईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अम्मा, उलटीच्या सगळ्या गोळ्या देऊन झाल्या. काही देशांत याच्यावर भांगेचं औषध देतात. इथे मला ते लिहून देता येत नाही."

"आमच्या घरामागे ती माझ्या डोक्याइतकी वाढते," रामदेई म्हणाली.

"ते मी ऐकलं नाही," डॉक्टर म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

रामदेईने मात्र ऐकायचं ते ऐकलं होतं. तिने घरामागची पानं गाईच्या तुपात मंद आचेवर कढवली, तूप गाळून हिंगाच्या जुन्या डबीत भरलं आणि डबी जवाच्या पेटीत खोल पुरली. सून निर्मला महिला मंडळाची प्रमुख होती. तिचा धाकटा भाऊ चरस नेताना पकडला गेला होता आणि अजून तुरुंगात होता. तिच्यासमोर भांगेचं नाव काढायची सोय नव्हती.

बोटाच्या टोकावर राहील एवढं तूप रामदेई डाळीत कालवायची. खीमी राम जेवू लागला. एक भाकरी, मग दीड. गालांवर थोडी रया आली. पण बोटाचं टोक म्हणजे काही वजनाचं माप नव्हे. एके दिवशी हात सैल सुटला आणि खीमी राम दुपारभर गोठ्यात बसून गाईला धर्म समजावत राहिला. गाय ऐकत होती म्हणून तो खूश होता. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर त्याला सगळा उलगडा झाला.

"गुराच्या पोटात नशा घातलीस?"

"औषध घातलं."

"देव दारातूनच परत गेला असेल, अगं. आधीच केस नाहीत, वर हे! देव स्वतः परवानगी देईल तेव्हाच खाईन. तोवर नाही."

"आणि देव येणार कुणाच्या अंगात? तुमच्याच ना?"

खीमी राम हट्टाला पेटला. त्या दिवसापासून त्याने डाळीला हात लावला नाही आणि बाकी काही पोटात राहीना. पुढची सुई मंगळवारी होती. वजन आणखी उतरलं तर सुई देता येणार नाही, असं इस्पितळातून बजावलं होतं. अंगावरचा लोकरीचा पट्टू त्याला दोनदा गुंडाळला तरी सैल व्हायचा. रामदेई दिवसभर हसून बोलायची आणि चुलीशी बसली की तीच डाळ पुन्हा पुन्हा ढवळत राहायची.

शनिवारी देवळाच्या अंगणात सगळा गाव जमला. अंगणात चामडं चालत नाही, म्हणून ज्याच्या त्याच्या पायात पुलं होती, भांगेच्या सालीच्या दोराने विणलेली पायताणं. ती पुलं घालून लोक भांगेला शिव्या घालायला उभे राहिले, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रामदेईच्या मात्र आलं. खीमी रामला मुलाने पाठीवरून आणून पायरीवर बसवलं होतं. गुर असा, म्हणून पालखीचा कौल घ्यायचं ठरलं होतं. पालखी उजवीकडे कलली तर हो, डावीकडे कलली तर नाही. दोघांच्या खांद्यांवर दांड्या. पुढे रामदेईचा मुलगा डोले राम आणि मागे झाबे राम, ज्याचा भांगेला इतका विरोध की तिचं नाव ऐकलं तरी खोकला यायचा.

कौलाआधी बोलायची मुभा होती. ती सगळ्यांनीच घेतली.

"लायसन कुणाला मिळणार?" निर्मलाने कंबर कसली होती. "खालून मोठ्या गाड्या येतील, त्यांना. त्यांनी पिकवली की औषध, आणि आपल्या पोरांच्या खिशात सापडली की गुन्हा. माझ्या भावाचं काय झालं ते पाहिलंत ना सगळ्यांनी?"

"मग आपणच घेऊ की लायसन," एक म्हातारा म्हणाला.

"तुम्ही? तुम्हाला गाईचा विमा काढता आला नाही, काका!"

हशा पिकला. म्हातारा चिडला. "पोलीस दरवर्षी उपटून जातात, ती दरवर्षी उगवते. कायद्यापेक्षा भांगेचीच मुळं खोल आहेत."

"म्हणूनच म्हणते, तिला औषधाचं सोंग देऊ नका!" निर्मला म्हणाली. बायकांनी माना डोलावल्या.

शिंग वाजलं, ढोल घुमला. कारदाराने पालखीसमोर हात जोडले. "नारायणा, औषधासाठी भांग लावायला हो म्हणावं का नाही?"

पालखी हलली नाही. त्याने पुन्हा विचारलं, अधिक मोठ्याने. देवाच्या चांदीच्या मुखवट्यांवर ऊन चमकत होतं, पण पालखी ढिम्म. तिसऱ्यांदा विचारलं तरी तेच. डोले रामच्या मानेवरून घाम ओघळत होता. लोक कुजबुजू लागले. गुर आजारी, देव रुसलेला, आता उद्या समितीला काय सांगायचं?

कारदार म्हणाला, "देवाला बोलायचं नाही. आपण 'नाही' असंच समजू या."

पायरीवर बसलेल्या खीमी रामने डोळे मिटले. रामदेईने ते पाहिलं आणि तिचा तोल सुटला.

"समजू या कसं? तो बोलला का?" ती थेट पालखीसमोर जाऊन उभी राहिली. आमच्याकडे देवाशी भांडायला बंदी नाही. पाऊस पडला नाही की लोक त्याला घाणेरड्या शिव्यासुद्धा देतात. पण बायकांनी भांडायचं ते मागे उभं राहून. "ऐक रे नारायणा! तीस वर्षं माझा नवरा तुझं तोंड झाला. थंडीत अनवाणी नाचला. तू आलास की याचे दोन दोन दिवस सांधे दुखायचे, ते मी चोळले, तू नाही चोळलेस! आता याला घास गिळवत नाही. तेव्हा मी दिलं याला भांगेचं तूप. हो, मीच! चोरून!"

बायकांच्या माना निर्मलाकडे वळल्या. निर्मलाकडे बघायची रामदेईला हिंमत झाली नाही.

"चोरून द्यावं लागलं म्हणून बोटाने मापलं, आणि एकदा जास्त झालं तर हा गाईशी बोलत बसला. बोटाच्या टोकाने मी माझ्या माणसाचा जीव मोजायचा का? मला बाटली हवीय, खूण केलेली. डॉक्टरने लिहून दिलेली. चरस विकणाऱ्यांना तू खुशाल दरीत ढकल, मी धक्का द्यायला येते. पण याला खाऊ दे! आणि तुला भांग एवढीच नको असेल, तर आधी सगळ्यांच्या पायातली पुलं काढायला सांग. बघते किती वेळ उभे राहतात या थंड फरशीवर!"

सगळ्यांनी खाली आपापल्या पायांकडे पाहिलं. झाबे रामने पाय एकमेकांमागे लपवायचा प्रयत्न केला आणि तेवढ्यात पालखी हलली.

ती उजवीकडे कलली नाही आणि डावीकडेही नाही. ती गर्रकन फिरली आणि अंगणाबाहेर निघाली. डोले राम पुढे ओढला गेला, झाबे राम मागून "अरे, हळू!" ओरडत फरफटला. ढोलवाला वाजवता वाजवता धावू लागला. खीमी रामला दोघांनी उचललं. पालखी गल्ली चढली, झऱ्याला वळसा घातला आणि रामदेईच्याच दारात येऊन थांबली. मग उंबऱ्यापर्यंत वाकली. ढकललं देवाने की डोले रामने, यावर गावात पुढे वर्षभर वाद चालला. झाबे राम मात्र शपथेवर सांगतो की देवानेच. डोले राममध्ये एवढं बळ असतं तर त्याने सफरचंदाच्या पेट्या उचलताना दाखवलं नसतं का?

दारात खीमी रामला खाली उतरवलं. तो भिंतीला धरून उभा राहिला. मग त्याचे खांदे थरथरले. रामदेईला वाटलं, थंडी भरली. तेवढ्यात डोक्यावरची टोपी उडाली आणि तुळतुळीत डोकं उन्हात चमकलं. धरायला एक केस नव्हता, तरी देव आला होता. लोकांनी गुडघे टेकले. रामदेईच्या डोळ्यांना धार लागली.

"बोल नारायणा," कारदार म्हणाला. "आज्ञा कर."

खीमी रामच्या तोंडून तो जुना, दरडावणारा आवाज आला. "भूक लागली आहे."

कारदार गोंधळला. देवाने बकरा मागितलेला त्याला माहीत होता, यज्ञ मागितलेला माहीत होता. हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"सिड्डू आण. तूप घालून."

सकाळचे सिड्डू घरात होते, अक्रोडाचं सारण भरून वाफवलेले. रामदेई आत धावली. जवाच्या पेटीत तिने कोपरापर्यंत हात घातला. डबी नव्हती. तिने पेटी उपसली, जव जमिनीवर सांडले, तरी डबी मिळेना. पाठीमागे निर्मला येऊन उभी राहिली होती. तिने फडताळावर हात घातला, हळदीच्या बरणीमागून हिंगाची डबी काढली आणि सासूपुढे धरली.

"पेटीला उंदीर लागलेत, अम्मा. बापूंनी डाळ सोडली तेव्हाच मी ही वर ठेवली."

"तुला... ठाऊक होतं?"

"आपली चूल माझ्या भावाच्या जाकिटासारखी वास मारायची. मला कळणार नाही?" निर्मलाने डबीवरची हळद पुसली. "विकणाऱ्याची तंगडी मी आजही मोडीन. बापूंचं वेगळं आहे. हे तुम्ही मला सांगायला हवं होतं, एवढंच."

"तू ओरडली असतीस."

"ओरडलेच असते. मग हळदीमागे ठेवली असती."

सिड्डूवर तूप निर्मलानेच घातलं, बोटाच्या टोकावर राहील एवढंच, आणि ताटही तिनेच बाहेर नेलं. देव उंबऱ्यावर बसून जेवला. पहिला घास गेला, सगळा गाव श्वास रोखून त्याच्या गळ्याकडे बघत होता. दुसरा गेला. चार सिड्डू संपले. पोटातून काहीही परत आलं नाही.

"तूप इतक्या लवकर लागू पडत नाही," गर्दीत कुणीतरी शहाणपणा केला. झाबे रामने त्याला कोपर मारलं.

कारदाराने देवाला हात जोडले. "मग उद्या समितीला 'हो' सांगू?"

"औषधाला," देव म्हणाला. "बाकीचं नंतर विचारा. आता जेवलो आहे."

एवढं बोलून देव गेला. खीमी राम भिंतीला टेकून झोपला, ढोलवाले चहाला गेले, बायका अंगणात उन्हाला बसल्या आणि निर्मलाशी पुन्हा लायसनवरून वाद घालू लागल्या. उन्हं तिरपी झाली तेव्हा खीमी रामने डोळे उघडले. देव अंगात असतानाचं गुराला काही आठवत नसतं. त्याने डोक्यावर हात फिरवला, टोपी शोधली आणि मग त्याला पुढ्यातलं रिकामं ताट दिसलं.

"काय म्हणाला नारायण?"

"औषधाला हो म्हणाला," रामदेई म्हणाली.

"हे ताट कुणाचं?"

"त्याचंच. सिड्डू जेवला, तूप घालून. त्या डबीतलं."

"सगळे खाल्ले?"

"चारही."

खीमी रामने ताट उचललं, कडेला राहिलेलं तूप बोटाने पुसून चाटलं आणि बायकोकडे रागाने पाहिलं. "अगं, मग मला काय ठेवलंस?"

रामदेईने डोक्याच्या रुमालाने तोंड झाकलं. ती हसतेय की रडतेय ते कुणालाच कळेना. निर्मला मात्र केव्हाच नव्या सिड्डूंसाठी चुलीवर पाणी ठेवायला उठली होती.