चुलीला कुलूप

मी काचेची शेगडी बोलतेय. आवाज अजून कापतोय, सांभाळून घ्या.

मला फिरवायचं बटण नाही, ज्योतही नाही. काळी गुळगुळीत काच आणि कडेला चार खुणा. खुणेवर बोट टेकलं की टिक्, आणि वर भांडं नसलं तरी मी तापते. कोकंद शहरातल्या या घरात मी आले ती झरनिगोरच्या बाळंतपणानंतर. "तान्ह्या बाळाच्या घरात गॅस नको," असं तिनं नवऱ्याला पटवलं होतं. माझं माहितीपुस्तक तिनं दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं, आधी काही सुटलं असेल म्हणून.

घरात मोश नावाची मांजर आहे. पहिल्याच आठवड्यात ती माझ्यावरून चालत गेली, टिक् वाजलं आणि झरनिगोर धावत आली. त्या दिवसापासून ती मला कुलूप लावू लागली. किल्लीच्या खुणेवर तीन सेकंद बोट दाबून धरलं की मी कुणालाच बधत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सासूबाई, ओयदिन, चहाचं पाणी ठेवायला आल्या. बोट टेकलं, पुन्हा टेकलं. मी गप्प.

"सूनबाई, घराला कुलूप लावतात. चुलीला लावलेलं आजच पाहिलं. मी काय चोर आहे?"

"तुमच्यासाठी नाही हो आई, मांजरीसाठी..."

"म्हणजे मी आणि मांजर एका पंगतीत!"

सासूच्या घरात सुनेनं चूल बंद करणं इथं फार लागतं. हेच बोलणं शेजारणींसमोर तीनदा ऐकल्यावर झरनिगोरनं कुलूप सोडून दिलं. "भित्रीच आहे मी," ती बाळाला सांगायची. "तुझी आई जरा जास्तच वाचते."

मग तो गुरुवार आला.

शेजारच्या मुअत्तरनं तंदूरमधले चार गरम नान थाळीतून आणून दिले. टेबलावर शेवयांचं पीठ पसरलेलं. नान खाली कुठं ठेवणार? त्याचा कण पडला तरी ओयदिन तो उचलून कपाळाला लावतात. माझी काच स्वच्छ होती, थंड होती. त्यांनी नान सुती फडक्यात गुंडाळून माझ्यावर ठेवले. शेजारणीची थाळी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून तीत जर्दाळू भरले आणि फाटकाशी गप्पांना उभ्या राहिल्या. झरनिगोर अंगणात लंगोट वाळत घालत होती. बाळ आतल्या खोलीत बेशिकमध्ये, त्या लाकडी पाळण्यात, हातपाय पट्ट्यांनी बांधून झोपवलेलं.

मोशला ऊब हवी होती. ती चढली, फडक्याला अंग घासत वळली. टिक्. मग टिक्, टिक्, टिक्.

खरं सांगते, मला कळलंच नाही. पंजा ओलसर होता, कोमट होता, अगदी बोटासारखा. मी मुकाट्यानं तापत गेले.

"कपड्यांचं मशीन थांबलं वाटतं," अंगणातून झरनिगोर म्हणाली. "एवढे दोन टाकून येतेच!"

फडकं तपकिरी झालं, काळं झालं, आणि भडकलं. मोश खिडकीतून पळाली. तिच्यामागून निघालेला धूर झरनिगोरला दिसला.

"आई! बाळ!"

ती पाळण्याशी पोचली, पण गाठी सुटेनात. रोज डोळे मिटून सोडायची त्याच गाठी! ओयदिन धापा टाकत स्वयंपाकघरात शिरल्या, भिंतीवरचा खटका पाडला आणि उघड्या हातानं जळतं फडकं फरशीवर फेकलं. नान घरंगळले. आणि कपाळाला कण लावणाऱ्या त्या बाईनं ते नान चपलेनं तुडवले, तुडवतच राहिल्या, आग विझल्यावरसुद्धा. माझी काच तडकली असती तरी मला इतका धक्का बसला नसता.

झरनिगोर रडणारं बाळ छातीशी धरून दारात उभी होती. "चूक माझीच आहे आई. मला माहीत होतं, तरी मी..."

"गप्प बस. माहीत तुला होतं, तोंड माझं चाललं." त्यांनी भाजलेला हात नळाखाली धरला.

संध्याकाळी पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "दाखव ते कुलूप. आणि सावकाश, भाषण नको."

"इथं बोट ठेवा. उचलू नका. अजून... अजून..."

"तीन सेकंद की तीन वर्षं गं?"

झरनिगोर दिवसभरात पहिल्यांदा हसली, आणि हसता हसताच पुन्हा रडली.

माझ्या काचेवर आता एक डाग आहे. घासून जात नाही. बाकी मी ठणठणीत आहे, मोशही बरी आहे. पण मला शहाणी समजू नका. बोट आणि पंजा मला सारखेच, फरक तुम्हाला कळतो. मला कुलूप लावून मगच निघा. आणि घरातली कुणी उगाच घाबरतेय असं वाटलं, तर हसण्याआधी एकदा तिचं ऐका.